कर्जाच्या रकान्यातलं ‘नाही’

नोकरीची शेवटची काही वर्षं मी माणसांविषयी इतर माणसांना विचारत फिरलो. पोलीस खात्यात या कामाला चारित्र्य पडताळणी म्हणतात. सरकारी नोकरीत निवड झालेल्या उमेदवाराचे कागद जिल्ह्याला येतात, जिल्ह्यातून ठाण्याला येतात आणि ठाण्यात ज्या टेबलावर येऊन पडतात ते टेबल माझं होतं. त्या टेबलाला ‘गोपनीय’ म्हणतात. ते कुठं आहे असं विचारलं, तर ठाण्यासमोरचा चहावाला बोट दाखवायचा आणि सध्या कोणाची चौकशी चालू आहे तेही सांगायचा.

माझ्या सासुरवाडीला मी सीआयडीत आहे असं सांगत. प्रत्यक्षात मी दुखऱ्या कंबरेला पट्टा बांधून मोटरसायकलवर हिंडणारा सहायक फौजदार होतो. काम सोपं होतं. उमेदवाराच्या गावी जायचं, शेजाऱ्यांना विचारायचं, सरपंचाचा दाखला पाहायचा. एका दाखल्यात सरपंचानं उमेदवाराला जन्मापासून ओळखतो असं लिहिलं होतं. उमेदवार सरपंचापेक्षा वयानं मोठा होता. मी विचारलं तेव्हा सरपंच म्हणाले, “जन्मापासून म्हंजे माह्या जन्मापासून.” दाखला खरा होता. मी तो जोडला.

लोकांना वाटतं, आम्ही गुन्हे शोधत असतो. ते तर आमच्याच रजिस्टरमध्ये असतात. आम्ही पाहतो ते एवढंच की, माणसानं स्वतःविषयी जे लिहिलं ते आणि जे आहे ते जुळतं का. पोळ्याला तोरणाखाली कोणाची बैलजोडी पुढं उभी राहायची यावरून एका गावात मारामारी झाली होती. दोन चुलतभाऊ आरोपी होते, पुढं दोघेही सुटले. दोघांचीही निमलष्करी दलात निवड झाली. एकानं अर्जात सगळं लिहिलं, बैलांच्या नावांसकट. दुसऱ्याला वाटलं, सुटलो म्हणजे झालंच नाही. त्यानं ‘गुन्हा दाखल झाला होता काय’ यापुढं ‘नाही’ लिहिलं. पहिला आज सीमेवर आहे. दुसरा गावातच आहे आणि माझ्याशी बोलत नाही.

हे सांगितलं कारण अविनाशचं प्रकरण त्याच जातीचं होतं. फक्त तिथं मारामारी नव्हती, उधारी होती.

अविनाश चव्हाण हा पांढरकवड्याच्या पुढं, हायवे सोडून आत गेल्यावर लागणाऱ्या एका बंजारा तांड्यातला मुलगा. आयटीआय केलेला इलेक्ट्रिशियन. दारूगोळा बनवणाऱ्या केंद्र सरकारच्या एका कारखान्यात त्याची निवड झाली होती. साध्या नोकरीच्या अर्जात कर्जाविषयी फारसं कोणी विचारत नाही. पण अशा ठिकाणी जास्तीचा एक कागद येतो. त्यात राहणीमान कसं, संगत कोणाची, व्यसन काय आणि कर्ज किती हेही विचारलेलं असतं. कर्जाच्या रकान्यात अविनाशनं ‘नाही’ लिहिलं होतं. अक्षर चांगलं होतं.

कर्जाचा आणि दारूगोळ्याचा काय संबंध, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. संबंध असा, की समजा एक माणूस अशा कारखान्यात कामाला आहे आणि येणेकऱ्यांनी त्याला जेरीस आणलं आहे. एक दिवस चहाच्या टपरीवर त्याला एक भला गृहस्थ भेटतो. म्हणतो, तुझं सगळं मी फेडतो, तू फक्त मला सांग की गेटातून गाड्या कधी निघतात. यात त्या माणसाला पाप केल्यासारखंही वाटत नाही. म्हणून विचारतात. कर्ज असणं हा दोष धरत नाहीत. घर बांधायला, लग्नाला, दवाखान्याला कोण काढत नाही? ते उघड आहे का आणि माणूस ते फेडतो आहे का, एवढं पाहतात. लपवलं असेल तर मात्र पंचाईत. ज्यानं लपवलं त्याला कोणीही उद्या येऊन म्हणू शकतो, तुझं मला माहीत आहे.

मी गावात गेलो. तांडा आणि मूळ गाव यांच्यामध्ये एक नाला आहे. बाजारपेठ गावात आहे, म्हणून मी आधी तिथं विचारलं. पहिलं दुकान गजाननरावांचं. त्यांचा मंडप डेकोरेशनचा धंदा. गोदामात खुर्च्यांची उतरंड, झालरी आणि नवरानवरीचं सिंहासन. गजाननराव सिंहासनावर बसून जेवत होते.

“अविनाश? हिरा आहे साहेब, हिरा. सुपारीचंही व्यसन नाई त्याले.”

“कोणाशी देणंघेणं, वाद?”

“कायचं देणंघेणं! गरीब घरचं लेकरू. साहेब, आर्डर कधी येते त्याची?”

पलीकडे शेख रफीक यांचं गॅरेज. ते पिकअपच्या खालून बाहेर आले आणि हात पुसत म्हणाले, “ऐसा लडका पूरे तालुक्यात भेटणार नाई. पगार कितना होता है साहब, उधर?”

किराणा दुकानाच्या शेठनी मला थंड पाणी दिलं, अविनाशची नम्रता वर्णन केली आणि विचारलं की, पगार महिन्याच्या शेवटी होतो की पुढच्या महिन्यात. मंगल कार्यालयाच्या मालकांनी तर मला जेवायलाच थांबवलं.

मी त्या कामात बराच मुरलो होतो. भल्या माणसाविषयीही वाईट बोलणारा एकजण गावात असतोच. शेताच्या धुऱ्याचं भांडण असतं, कुणाची कोंबडी कुणाच्या अंगणात गेलेली असते, निवडणूक झालेली असते. इथं एकानंही नाक मुरडलं नाही. शिवाय उमेदवाराच्या पगाराची तारीख शेजाऱ्यांना कशाला हवी, तेही माझ्या ध्यानात येईना. म्हणून मी नाला ओलांडून तांड्यात गेलो.

अविनाशच्या घराला कुलूप होतं. आई कापूस वेचायला गेली होती. वडील नव्हतेच. शेजारच्या ओट्यावर सकरीबाई नावाची म्हातारी बकरीला पाला घालत होती. तिला मी नेहमीचा प्रश्न विचारला.

“पोट्टा कसा हाये म्हंता? चांगला हाये,” ती म्हणाली. “त्यानं माहे पैसे देल्ले.”

“कसले पैसे?”

“डीजेचे.”

आणि मग पाला घालता घालता तिनं सगळं सांगितलं. अविनाशनं तीनेक वर्षांपूर्वी लग्नांत वाजवायला डीजे घेतला होता. मोठमोठे बॉक्स, जनरेटर, रंगीत दिवे. गजाननरावांनी पैसे घातले, रफीकभाईंनी पिकअप उधारीवर दिली, शेठनी दिले, कार्यालयवाल्यांनी दिले. सकरीबाईनं बोकड विकून दिले. पहिली लगनसराई बरी गेली. दुसऱ्या वर्षी एका हळदीच्या कार्यक्रमात अॅम्प्लिफायर जळाला. त्यातच तालुक्याच्या गावाहून मोठे डीजे येऊ लागले, आणि याचे बॉक्स झाकून ठेवायची वेळ आली. शेवटी ते भंगाराच्या भावात गेले.

“बाकीच्यांचे?”

“त्यायचे द्याचे हायेत ना अजून.”

“तुमचे आधी कसे दिले?”

सकरीबाईनं बकरीला बाजूला ढकललं. “म्या तं मागतलेच नोयते. तोच आला. मोटरी बसवाच्या कामावर जाते तो, तिथली मजुरी घिऊन आला. म्या म्हनलं, पयले मंडपवाल्याले दे, तो बोंबलून राह्यला. तं म्हने, काकी, त्यायच्यापाशी कागद हायेत. तुह्यापाशी ना कागद ना गवाह. म्हून तुहे पयले.”

मी तिचा जबाब लिहिला, वाचून दाखवला आणि तिचा अंगठा घेतला. तिनं विचारलं, “त्याचं काई वाकडं तं नाई होत ना याच्यानं?” मी म्हटलं, “मला माहीत नाही, बाई.” खरंच माहीत नव्हतं. एकाच जबाबात त्याचा खोटेपणाही होता आणि त्याच्याविषयी गावात मिळालेली एकमेव खरी चांगली गोष्टही.

आता गावातल्या एकमताचा उलगडा झाला. सगळे येणेकरी होते. नोकरी लागली तरच पैसे निघतील, म्हणून त्यांनी त्याला हिरा केला होता.

उमेदवाराचा जबाब घ्यायचा राहिला होता. अविनाश पांढरकवड्याकडे सोलर पंप बसवायच्या कामावर होता. त्याला फोन करून बोलावलं. बसायला सोयीची जागा गजाननरावांचं गोदाम, म्हणून तिथंच बसलो. गजाननरावांनी माझ्यासाठी मखमली खुर्ची काढली. रफीकभाई आपण होऊन आले. अविनाश आला तो अंगाला माती लागलेला, सडपातळ पोरगा. उभाच राहिला.

“अर्जात लिहिलं ते सगळं खरं आहे?”

“हो साहेब.”

“कर्ज नाही?”

त्यानं गजाननरावांकडे पाहिलं. गजाननराव छताकडे पाहत होते. “नाई साहेब,” तो म्हणाला.

“मी सांगून राह्यलो ना तुमाले,” गजाननराव मधेच म्हणाले. “त्याच्याकडे कोणाचा छदाम नाई.”

मी कोणाला कोंडीत पकडायला बसलो नव्हतो. लोक जे सांगतात ते लिहून घ्यायचं, हे माझं काम. मी कागद घेतला आणि गजाननरावांचा जबाब लिहिला. अविनाश चव्हाण याच्याकडे माझे कोणत्याही प्रकारचे काहीही येणे नाही व पूर्वीही नव्हते. तो मोठ्यानं वाचून दाखवला आणि पेन त्यांच्या हातात दिला.

गजाननरावांनी चष्मा लावला. जबाब स्वतः वाचला. चष्मा काढला.

“हे सही केल्यावर कोठी जाते?”

“फायलीत.”

“आन् उद्या कोर्टात गेलं तं हे चालते?”

“सही असली की चालतं.”

रफीकभाई हळूच म्हणाले, “गजाननभाऊ, सोच के करना.”

गोदामात पंखा फिरत होता. गजाननरावांनी पेन कागदाला टेकवला. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. सही करावी तर पैसे गेले. न करावी तर पोराची नोकरी गेली, म्हणजे पुन्हा पैसे गेले. त्यांनी आयुष्यभर मंडपाचा हिशेब केला होता, पण हा बसत नव्हता. शेवटी त्यांनी पेन ‘ग’च्या सुरुवातीला नेला.

“काका, सही नोका करू,” अविनाश म्हणाला.

“तू चूप बस ना बे. तुह्यासाठीच करून राह्यलो.”

“नोका करू म्हनलं ना.” त्यानं पुढं होऊन कागदावर हात ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “साहेब, मी काकाचं देणं लागतो. रफीकभाईचं लागतो. शेठचं, कार्यालयवाल्याचं लागतो. लिहा. मीच खोटं लिहिलं.”

“का लिहिलं?” मी विचारलं.

“कम्प्युटर सेंटरवाला म्हने, कर्ज लिहिलं की पोस्ट जाते. सारेच ‘नाई’ लिहितात म्हने.” मग स्वतःच म्हणाला, “पण हात तं माहाच होता.”

गजाननरावांनी कपाळावर हात मारून घेतला. “गेली!” ते म्हणाले. “हातातली नोकरी घालवली ह्या पोट्ट्यानं.” पण मघाचा तो कागद मात्र त्यांनी माझ्यासमोरून उचलला आणि बारीक फाडून खिशात ठेवला.

मी अविनाशचा जबाब घेतला. कोणाकडून किती, केव्हा, आतापर्यंत किती दिलं, बाकी कसं देणार. तो न अडखळता सांगत गेला. गजाननरावांनी दोन ठिकाणी त्याला दुरुस्त केलं. हिरा आहे हे कोणी पुन्हा म्हणालं नाही.

अहवालात शेवटी अभिप्राय लिहायला थोडी जागा असते. मी लिहिलं की, उमेदवाराने अर्जात कर्ज लपवले. चौकशीत प्रथम नाकारले. नंतर मुख्य येणेकरी येणे नसल्याबद्दल सही करून देत असताना त्याला स्वतः थांबवून सर्व देणे कबूल केले. ज्या महिलेकडे कर्जाचा कोणताही पुरावा नव्हता तिची रक्कम त्याने सर्वांत आधी परत केली आहे. ठाणेदारसाहेबांनी वाचून मान वर केली. “हा अहवाल आहे की कथा?” “जबाब जोडले आहेत साहेब,” मी म्हटलं. त्यांनी सही केली.

या कामात निकाल काय लागला ते आम्हाला कोणी कळवत नाही. कागद वर जातो आणि वरच राहतो. निकाल उमेदवाराच्या तोंडूनच कळतो. पावसाळ्यात अविनाश ठाण्यात आला. त्याच्या हातात पाकीट होतं. माहिती लपवल्यामुळे निवड रद्द करण्यात येत आहे, एवढंच एक वाक्य आत होतं.

“कर्जापायी गेली काय साहेब?”

“कर्जापायी नाही. ‘नाही’ लिहिल्यापायी.”

तो बाकावर बसला. मी चहा मागवला. त्यानं घेतला नाही. नंतर म्हणाला, “त्या दिवशी मी काकाले सही करू देल्ली असती तं?”

“तरी सकरीबाईचा जबाब होताच माझ्याकडे.”

“म्हंजे तसंही गेलीच असती.”

“हो.”

त्यावर त्यानं मान हलवली. त्याला या उत्तरानं बरं वाटलं की वाईट, मला सांगता येणार नाही. पाकीट घडी करून तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी गजाननराव आले ते दारातूनच ओरडत. “तुमच्या खऱ्यापायी माहे पैसे बुडाले जमादार!” मी त्यांना बसा म्हटलं. ते बसले नाहीत. अहवालात एक अक्षर चुकीचं नव्हतं, आणि तरी मी आठवडाभर कोणाच्याही चौकशीला गेलो नाही. कंबर दुखत होती, असं ठाण्यात सांगितलं. ती नेहमीच दुखत असे.

पुढं मी निवृत्त होऊन नेरला, माझ्या गावी, घरी आलो. एक दिवस दुपारी दारात अविनाश आणि त्याची आई उभी. तो अजूनही सोलरच्या कामावरच होता. अर्ध्याहून जास्त फेडलं होतं. दुसऱ्या एका केंद्रीय कारखान्यात निवड झाली होती, आणि तोच तसला कागद पुन्हा भरायचा होता.

“काय लिहायचं ते मी सांगणार नाही,” मी म्हटलं.

“लिहूनच आणलं साहेब. फक्त वाचा.”

मी वाचलं. कर्जाचा रकाना पुरला नव्हता, म्हणून त्यानं जोडपत्र लावलं होतं. पूर्वी कधी निवड रद्द झाली काय, यापुढं ‘होय’ लिहून कारण दिलं होतं, मी खोटी माहिती दिली म्हणून. त्याची आई पदरानं घाम पुसत होती. तांड्यात आईला याडी म्हणतात, तोही तसंच म्हणायचा. “याडी रस्ताभर भांडत आली,” तो म्हणाला.

“भांडू नोको तं काय करू?” ती मला म्हणाली. “एवढं खरं लिहिलेल्या माणसाले कोन ठिवून घेईन, तुमीच सांगा ना भाऊ. एकडाव पोळलं ना याचं तोंड?”

नियम मला माहीत होता, पण नियम वाचणारा माणूस कोण असेल ते माहीत नव्हतं. “मलाही धाकधूक आहे,” एवढं म्हणालो. माझ्या बायकोनं त्यांना भाकरी आणि झुणका वाढला. जेवून ते गेले.

ठाण्यातल्या माझ्या टेबलावर आता एक तरुण महिला हवालदार होती. चौकशीला ती गेली. नंतर तिचा मला फोन आला, तो हसत हसतच. म्हणाली, “सर, त्या गावात त्या मुलाविषयी कोणी धड बोलायलाच तयार नाही. मंडपवाले तर वही घेऊनच बसले होते. मोडलेल्या खुर्च्यासुद्धा त्याच्याच नावावर सांगितल्या. रफीकभाईंनी टायर किती घासले ते दाखवलं.”

“मग तू काय लिहिलंस?”

“जे सांगितलं ते. त्यानं जोडपत्रात लिहिलंय त्याच्याशी जुळलं सर. खुर्च्या सोडून.”

ऑर्डर यायला वेळ लागला. मध्ये कारखान्यानं त्याला पत्र पाठवून विचारलं की, बाकीचं कर्ज पगारातून कसं फेडणार ते लिहून द्या. त्यानं लिहून दिलं. मग ऑर्डर आली. अविनाशनं फोन करून सांगितलं की, अमुक दिवशी सकाळी पांढरकवड्याहून नागपूरची गाडी धरणार आहे. मला काही काम नव्हतं. मी गेलो.

स्टँडवर त्याची आई होती. सकरीबाई होती, ती पहिल्यांदाच एवढ्या लांब आली होती आणि गाडी सुटण्याआधीच परत जायची घाई करत होती. आणि बाकी सगळे येणेकरी होते. रफीकभाई गॅरेजच्याच कपड्यांत आले होते. शेठनी चिवड्याचं पाकीट आणलं होतं. गजाननरावांनी मला पाहून न पाहिल्यासारखं केलं, मग जवळ येऊन म्हणाले, “आले काय जमादार?” ते भांडण तेवढ्यावर मिटलं.

अविनाश सगळ्यांच्या पाया पडला. गाडीत चढून खिडकीशी बसला. कंडक्टरनं घंटी दिली. त्याची आई खिडकीला धरून चालू लागली आणि रडत म्हणाली, “पोचला की फोन कर रे बापा.”

“पोचल्यावर कायले?” गजाननराव मागून म्हणाले. “पगार झाल्यावर कर.”

अविनाश हसला. गाडी हायवेला लागून वळेपर्यंत कोणी जागचं हललं नाही. डोळे मात्र गजाननरावांनीही पुसले.